इंजिनाचा ठेका: टेक्नो संगीताची गोष्ट



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, बचत गटाचं सोडून हिला हे काय सुचलं! विषय आहे टेक्नो. हा संगीताचा एक प्रकार आहे, यंत्रांवर केलेला आणि नाचण्यासाठी केलेला. गणपती नुकतेच गेलेत, अजून कानात घूं होतंय, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल. आपल्या सातारा-सांगलीकडं या सगळ्या आवाजाला एकच नाव आहे, डॉल्बी. तेव्हा त्या नावापासूनच सुरुवात करू.

डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव. रे डॉल्बी नावाचे अमेरिकन अभियंते होते. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली. गंमत अशी की त्यांचं पहिलं गाजलेलं उपकरण आवाज वाढवण्याचं नव्हतंच. टेपवर गाणं उतरवलं की मागं एक बारीक खरखर येत राहायची, ती कमी करण्याचं ते उपकरण होतं. पुढं कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर आणि सिनेमाच्या पडद्यावर हे नाव दिसायला लागलं. तिथून ते उचललं गेलं आणि आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला चिकटलं. त्या भिंतीचा आणि त्या कंपनीचा काडीचा संबंध नाही. खरखर घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण पत्रे थरथरवणाऱ्या आवाजाला दिलंय.

आता या भिंतीतून काय वाजतं ते आठवा. वर गाणं कुठलंही असो, कोळीगीत असो, सिनेमातलं असो नाहीतर देवीचं असो, त्याच्याखाली एक ठोका चाललेला असतो. धप, धप, धप, धप. एकसारखा. ढोलवाला दमतो, हात बदलतो, मध्येच जोरात येतो. हा ठोका दमत नाही, कारण तो यंत्राचा आहे. १९७० नंतर अमेरिकेत डिस्को नावाचं नाचाचं संगीत आलं, त्यातला हा ठोका. त्याचीच पुढची दोन भावंडं म्हणजे शिकागो शहरातलं हाऊस आणि डेट्रॉइट शहरातलं टेक्नो. मला आज सांगायचंय ते डेट्रॉइटचं, कारण ती गोष्ट ऐकताना मला आपली गिरणगावाची गोष्ट सारखी आठवत राहते.

टेक्नो कसं ऐकू येतं? ज्यांनी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ऐकलंय त्यांना समजावून सांगायला नको. पहाटे वडील हँडल मारायचे, इंजिन दोनदा खोकायचं आणि मग पुक-पुक-पुक-पुक लागायचं. पाच मिनिटांनी ते ऐकू येईनासं व्हायचं, म्हणजे ते चालूच असायचं पण आपले हातपाय त्याच्या तालावर चालायला लागलेले असायचे. टेक्नो असंच चालतं. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके. शब्द फार थोडे, पुष्कळदा नसतातच. मुखडा-अंतरा नाही. एकच लहानसा तुकडा फिरत राहतो आणि हळूहळू त्यात काहीतरी मिसळतं, काहीतरी गळतं. कुणी म्हणेल, यात काय ऐकायचं? पण जात्यावर बसलेली बाई काय करायची? जात्याची घरघर तीच असायची, ओवी बदलायची. हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या ओव्यांना ताल दिला तो एका दगडी यंत्रानं. पिठाची गिरणी आली, जात्याची मेहनत वाचली, ते चांगलंच झालं. पण ओवीला बसायला जागा उरली नाही.

आता डेट्रॉइट. अमेरिकेच्या उत्तर भागातलं हे मोटारींचं शहर. फोर्ड साहेबांनी १९१३ साली शहराला लागूनच असलेल्या हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायची पद्धत आणली. माणूस एका जागी उभा, गाडी त्याच्यासमोरून सरकत जाणार, त्यानं आपला एकच नट आवळायचा. दक्षिणेकडच्या शेतांतून, कापसाच्या रानांतून हजारो काळी कुटुंबं या कारखान्यांत कामाला आली. त्यांना पगार मिळाला, घरं झाली, पोरं शाळेत गेली. याच शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी मोटाऊन नावाची गाण्यांची कंपनी काढली. ते स्वतः मोटारीच्या कारखान्यात पट्ट्यावर राबलेले. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. मग कारखाने शहराबाहेर जायला लागले, १९६७ साली मोठी दंगल झाली, तेल महागलं, जपानी गाड्या आल्या, माणसांच्या जागी यंत्रमानव आले. १९७२ साली मोटाऊनसुद्धा शहर सोडून गेली. २०१० च्या जनगणनेत माणसं उरली सात लाखांच्या थोडी वर. अर्ध्याहून जास्त शहर निघून गेलं. गावंच्या गावं उठताना आपण कोयनेच्या धरणात पाहिली आहेत, पण पाण्याशिवाय शहर बुडतं ते असं.

या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर बेलव्हिल नावाचं लहान गाव आहे. तिथल्या शाळेत तीन काळी मुलं होती, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन. आज जगभर त्यांना बेलव्हिलचे तिघे म्हणतात. त्यांना वेड लागलं ते रेडिओमुळं! डेट्रॉइटच्या रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो या नावानं एक निवेदक रात्री कार्यक्रम करायचा. काळ्यांचं संगीत, गोऱ्यांचं संगीत असा भेद न करता त्याला आवडेल ते लावायचा. त्यात क्राफ्टवेर्क नावाचा जर्मन चौघांचा संच असायचा, जो नुसत्या विजेच्या वाद्यांवर रेल्वेचा, मोटाररस्त्याचा आवाज गाण्यात आणायचा. आपलं केंद्र लहान आहे, पण आपल्या माइकवरून गेलेलं कोणाच्या कानात जाऊन काय होईल ते सांगता येत नाही, हे मला मोजोवरून पटतं.

हुआनला पहिलं विजेचं वाद्य आजीनं घेऊन दिलं. ती ऑर्गन वाजवायची, तिच्याबरोबर वाद्यांच्या दुकानात गेल्यावर त्याला ते दिसलं होतं. त्यानं पुढं रिक डेव्हिस नावाच्या मित्राबरोबर १९८१ मध्ये पहिली तबकडी काढली. १९८५ साली मेट्रोप्लेक्स नावानं स्वतःची कंपनीही सुरू केली. टेक्नो हा शब्द त्यांनी उचलला तो अल्विन टॉफ्लर या लेखकाच्या पुस्तकातून. यंत्रयुगात यंत्राला शरण न जाता ते आपल्या मनासारखं वापरणाऱ्या माणसांना त्या पुस्तकात टेक्नो-बंडखोर म्हटलं आहे. १९८८ साली इंग्लंडमध्ये या डेट्रॉइटच्या पोरांच्या तबकड्यांचा एक संग्रह निघाला, त्यावर टेक्नो हे नाव छापलं गेलं आणि ते कायमचं झालं.

पण पैसे? यंत्रं तर महाग असतात ना? इथं मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. जपानच्या रोलंड कंपनीनं १९८० साली टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. टेबलावर मावेल एवढी पेटी, खाली ओळीनं सोळा बटणं. जे बटण दाबाल तिथं ठोका पडणार आणि सोळा झाले की पुन्हा एकपासून. आपल्या तीनतालाच्या सोळा मात्रा जणू बोटाखाली मांडलेल्या. पाठोपाठ टीबी-३०३ नावाची दुसरी पेटी आली, एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला खर्जातली साथ देण्यासाठी. दोन्ही बाजारात आपटल्या. लोक म्हणाले, हा ढोल खऱ्या ढोलासारखा वाटत नाही, हा खर्जही खरा वाटत नाही. ८०८ च्या बारा हजारांच्या आसपास पेट्या झाल्या आणि १९८३ साली कंपनीनं त्या बंद केल्या. मग त्या जुन्या मालाच्या दुकानात पडल्या, स्वस्तात जायला लागल्या, आणि म्हणूनच गरीब पोरांच्या हाताला लागल्या. या पोरांना खऱ्या ढोलासारखा आवाज नकोच होता. यंत्राचा आवाज यंत्रासारखा आला तर बिघडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीनं ज्या कामासाठी पेटी केली ते काम राहिलं बाजूला, वापरणाऱ्यानं तिला दुसरंच काम दिलं. शिकागोच्या पोरांनी त्या ३०३ पेटीची बटणं वाजता-वाजता पिळली, त्यातून ओला, किंचाळणारा आवाज निघाला, आणि १९८७ साली अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार जन्मला, असं पुष्कळ वर्षं सगळे मानत होते.

आता मुंबईला या. साल १९८२. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यात साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरची, कोकणची किती घरं होती ते आपल्यातल्या वयस्क बायकांना विचारा. मनिऑर्डर थांबली, चुली थंडावल्या, माणसं गावाकडं परतली. गिरणगावात रात्रंदिवस चालणारा मागांचा खडखडाट त्या वर्षी थांबला, आणि पुष्कळ गिरण्यांत तो पुन्हा कधी पूर्ण सुरू झालाच नाही.

त्याच वर्षी, त्याच शहरात, चरणजित सिंग नावाचे वादक एक तबकडी ध्वनिमुद्रित करत होते. हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन अशा मोठ्या संगीतकारांकडं वाजवलेले, शिवाय लग्नसमारंभात बँड घेऊन जाणारे. त्यांनी बाहेरदेशाहून तीन यंत्रं आणली होती. त्यातली दोन म्हणजे ह्याच त्या आपटलेल्या पेट्या, ८०८ आणि ३०३. तिसरा रोलंडचाच मोठा कीबोर्ड. त्यांनी विचार केला, डिस्कोचा ठोका खाली ठेवावा आणि वर आपले राग वाजवावेत. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग घेतले. एचएमव्हीनं ती तबकडी काढली आणि ती कोणी घेतली नाही. रागवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना राग वाटले. झालं, विसरून गेले लोक.

वीस वर्षांनी हॉलंडच्या एका जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्याला ती दिल्लीत सापडली. त्यानं २०१० साली ती पुन्हा काढली आणि युरोपातले जाणकार चक्रावले. शिकागोत १९८७ साली जन्मलं असं ज्या आवाजाबद्दल सांगतात, तो आवाज पाच वर्षं आधी मुंबईत कसा? काहींनी तर ही फसवणूक असेल, कोणीतरी आता करून जुनी तारीख टाकली असेल, असाही संशय घेतला. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींना मग युरोपात बोलावणी आली, त्यांनी तिथं जाऊन हे राग त्या यंत्रांवर वाजवले. २०१५ च्या जुलैत ते मुंबईतच वारले. त्यांनी अ‍ॅसिड हाऊसचा शोध लावला असं मी म्हणणार नाही. शिकागोच्या पोरांनी त्यांना ऐकलेलं नव्हतं, आणि चरणजितजींना नवा पंथ काढायचा नव्हता. एकच पेटी दोन शहरांतल्या दोन डोक्यांपुढं आली आणि दोघांनीही तिचा कान पिळून पाहिला, एवढंच खरं. मला त्यात वाईट वाटतं ते याचं, की डेट्रॉइट-शिकागोत एकामागून दुसरा, तिसरा उभा राहिला, आणि इथं चरणजितजींच्या मागं कोणी आलं नाही.

आपल्या गिरणगावाकडं गाणं नव्हतं असं नाही. आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावहून मुंबईला गेलेले अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले आणि शाहीर झाले. त्यांचं हत्यार डफ आणि तोंड. शब्दांनी भांडणारं ते गाणं. डेट्रॉइटच्या पोरांनी शब्द सोडले आणि ज्या यंत्रानं बापाची भाकरी नेली तेच यंत्र वाजवायला घेतलं. दोन्ही कामगारांच्याच घरातून आलं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली. पूर्व बाजूला कितीतरी इमारती ओस पडलेल्या, मालक कोण याचा पत्ता नाही. तिथं दोन्हीकडची पोरं एकत्र नाचायला लागली, आणि नाचाला संगीत डेट्रॉइटचं. एका जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत १९९१ मध्ये ट्रेझर नावाचं ठिकाण निघालं, ते गाजलं. २०२४ साली जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. मान मिळाला, चांगलं झालं. पण पैसा आणि नाव बर्लिनला जास्त गेलं, डेट्रॉइटला कमी, हेही खरं. ज्यांनी पेरलं त्यांच्या खळ्यावर रास पडली नाही.

आपल्याकडं काय झालं? आपल्या मिरवणुकीत आधी हलगी, घुमकं, कैताळ होतं, लग्नात सनई-चौघडा होता, मग ब्रास बँड आला, मग बेंजो पार्टी. हलगी कडाडली की म्हातारी माणसंसुद्धा ओसरीवरून उठायची. ही वाद्यं वाजवणारी बहुतेक घरं मातंग आणि होलार समाजातली. कला त्यांच्या हातात होती, मान नव्हता, पण हंगामाला चार पैसे होते. स्पीकरची भिंत आली आणि बारा-पंधरा जणांच्या ताफ्याचं काम एका पेन ड्राइव्हवर आलं. या घरांचं काय झालं यावर आपण कधी बोललो नाही. डॉल्बी बंद करा असं म्हणताना आवाजाबद्दल बोलतो, यांच्याबद्दल नाही.

आवाजाबद्दलही एक स्पष्ट सांगते. मोठा आवाज म्हणजे टेक्नो नव्हे. टेक्नो घरात हळू लावूनही ऐकता येतं. कायदाही साधा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांच्या ठरावीक दिवसांत सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ८५ डेसिबलच्या वर आवाज गेला की किती वेळ ऐकतो याला महत्त्व येतं. १०० डेसिबलला पाव तास म्हणजे पुष्कळ झालं. मिरवणुकीत आपण पोरांना कडेवर घेऊन तीन-तीन तास त्या भिंतीपुढं चालतो. तान्ह्या बाळाला तरी नेऊ नका.

हे सगळं मी वाचायला लागले ते एका कर्जाच्या अर्जामुळं. माझ्याकडच्या एका गटात एका काकींनी अंतर्गत कर्ज मागितलं, ८० हजार. पोराला जुने स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे होते. बायकांनी रीतसर प्रश्न विचारले. हंगाम वर्षातले किती दिवस? पोलिसांनी सामान जमा केलं तर हप्ता कोण भरणार? जनरेटरचं भाडं धरलंय का? काकींना उत्तरं देता आली नाहीत, म्हणून पुढच्या बैठकीला पोरालाच बोलावलं. तो लाजत आला. बोलता बोलता त्यानं मोबाइलवर केलेलं एक वाजवून दाखवलं. घरच्या कडबाकुट्टीचा आवाज टिपून त्यानं त्याचा ठेका केला होता, त्यात मध्येच आईची "आरं, हात सांभाळ" अशी हाक. बायका आधी हसल्या, मग पुन्हा लाव म्हणाल्या.

मग चर्चा वेगळीच झाली. मी म्हटलं, स्पीकर कोणीही विकत घेईल, पण हे त्याचं स्वतःचं आहे. जुना लॅपटॉप आणि चांगला हेडफोन तीस हजारांत होईल, तेवढं द्या. एक ताई उसळून म्हणाल्या, "लॅपटॉपला भाडं कोण देतंय? स्पीकर निदान लग्नाला जातील." त्यांचंही खोटं नाही. हप्ता कलेवर भरता येत नाही. अजून एकमत झालेलं नाही, विषय पुढच्या बैठकीत आहे. हे ऐकणाऱ्या गटांना असा अनुभव असेल तर केंद्रावर फोन करून सांगा, आम्हाला उपयोग होईल.

आणि पोरगाच का, पोरगी का नाही, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारला नाही, म्हणून इथं विचारते. डेट्रॉइटमध्येच केली हँड नावाची काळी बाई होती. तिनं तबकड्या वाजवल्या, स्वतः संगीत केलं, १९९० साली स्वतःची कंपनी काढली आणि तीस वर्षं ती चालवली. २०१७ साली शहराच्या नगरसभेनं तिला डेट्रॉइटची पहिली मानकरी स्त्री म्हणून गौरवलं. २०२१ साली ती गेली. त्याआधी लंडनला बीबीसीत डेलिया डर्बीशायर होती. १९६३ साली डॉक्टर हू या मालिकेचं सुरुवातीचं संगीत तिनं टेपचे तुकडे कापून, जोडून, मोजून तयार केलं. पडद्यावर श्रेयात तिचं नाव आलं ते ५० वर्षांनी, २०१३ मध्ये, ती वारल्यावर. सातबाऱ्यावर नाव लागायला आपल्याला लागतो तेवढाच वेळ! आणि आपल्या शेजारी अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली देशातला पहिला विजेच्या संगीताचा स्टुडिओ झाला, तिथं काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, पखवाज शिकलेल्या. म्हणजे या यंत्रापाशी बाई पहिल्यापासून आहे.

माझा वेळ संपत आला. आता या भाषणानंतर त्या कडबाकुट्टीवाल्या पोराचं दोन मिनिटांचं वादन त्याच्या परवानगीनं लावतोय. जवळ म्हातारी माणसं किंवा झोपलेलं बाळ असेल तर आवाज बेतानं ठेवा. सुरुवातीला नुसती खटखट वाटेल, चारा कापल्यासारखी. साधारण चाळीस सेकंदांनी खालून ठोका येतो, तिथपर्यंत रेडिओ बंद करू नका. नमस्कार.